स्कॅनर लागत नाही? ईसीएमला दोष देण्याआधी रेडिओचा कपलर काढून बघा

उन्हाळा तोंडावर आला की नागपुरातल्या गॅरेजांत गाड्यांची रांग लागते. कुणाचा एसी गार करत नाही, कुणाचा रेडिएटरचा पंखा फिरत नाही, कुणाचा चेक इंजिनचा दिवा विझत नाही. मेकॅनिक स्टिअरिंगखाली स्कॅनर, म्हणजे गाडीतला दोष वाचणारं यंत्र, लावतो, दोन-चार वेळा प्रयत्न करतो आणि म्हणतो, "भाऊ, स्कॅनर लिंकच होऊन नाही राहिला. ईसीएम गेला वाटते." ईसीएम म्हणजे इंजिनाचा संगणक. तो बदलायचा तर खर्च हजारोंत जातो, आणि कित्येकदा तो बिचारा ठणठणीत असतो. दोष असतो डॅशबोर्डात नंतर बसवलेल्या म्युझिक सिस्टीमच्या वायरिंगमध्ये.

याची दुसरी बाजू गॅरेजवाल्यांना जास्त बोचते. अशा गाडीला लावलेला स्कॅनर कधीकधी स्वतःच जळतो. गाडी गिऱ्हाइकाची, वायरिंग तिसऱ्याच माणसाने केलेलं आणि भुर्दंड स्कॅनरवाल्याला. एक मल्टीमीटर, एक रुपया-दोन रुपयांचा रेझिस्टर आणि पाच मिनिटं एवढ्यात हे टाळता येतं. पण त्यासाठी आत काय चालतं ते आधी समजून घ्यायला हवं.

## स्कॅनर कोणत्या तारांवर बोलतो

स्टिअरिंगच्या खाली डॅशबोर्डाला १६ पिनांचं एक सॉकेट असतं. त्याला ओबीडी सॉकेट म्हणतात. रुंद बाजू वर धरून समोरून पाहिलं, तर वरच्या ओळीत डावीकडून १ ते ८ आणि खालच्या ओळीत ९ ते १६ अशा पिना असतात. आपल्याला त्यातल्या सहाच लक्षात ठेवायच्या आहेत. १६ नंबरवर बॅटरीचा प्लस, तोही चावी काढली तरी कायम चालू. ४ आणि ५ नंबरवर अर्थ, म्हणजे बॅटरीचा मायनस. ६ आणि १४ वर कॅन नावाची दोन तारांची जोडी. आणि ७ वर के-लाइन नावाची एकच तार, जी जुन्या गाड्यांत वापरात होती. बाकीच्या पिना काही जुन्या पद्धतींसाठी किंवा कंपनीच्या स्वतःच्या वापरासाठी.

म्हणजे स्कॅनरला वीज मिळते १६, ४ आणि ५ वरून. बोलणं होतं ७ वरून किंवा ६-१४ वरून. या सगळ्या तारा सॉकेटपाशी संपत नाहीत. त्या पुढे फ्यूज बॉक्समध्ये, मीटरमध्ये, एबीएसमध्ये आणि काही गाड्यांत थेट रेडिओच्या मागे जातात. घोळ तिथेच होतो.

## आधी साधी गोष्ट: फ्यूज

स्कॅनर लावला आणि त्याचा दिवाच लागला नाही, तर १६ नंबरला वीज नाही. बऱ्याच गाड्यांत या पिनेचा फ्यूज छताचा दिवा, सिगारेट लायटर किंवा रेडिओ यांच्याशी सामाईक असतो. सिस्टीम बसवताना बॅटरीचं टर्मिनल न काढता काम केलं, कायम १२ व्होल्टची पिवळी वायर क्षणभर बॉडीला टेकली की फ्यूज गेला. रेडिओला नंतर दुसरीकडून वीज दिली जाते, म्हणून मालकाला काही कळत नाही. छताचा दिवा किंवा लायटरही बंद असेल तर आधी हा फ्यूज बघावा.

मात्र उडालेल्या १० अँपिअरच्या जागी २० चा लावू नये. फ्यूज हा त्या वायरीच्या जाडीवरून ठरलेला असतो. मोठा लावला तर पुढच्या शॉर्टला फ्यूज टिकेल आणि वायर जळेल.

उलटा प्रकारही होतो, आणि तो मला जास्त खटकतो. ओबीडी सॉकेटच्या मागची बारीक प्लस वायर हाताशी असते, म्हणून तिलाच टोचणारी क्लिप लावून अँड्रॉइड प्लेअर किंवा डॅशकॅम चालवला जातो. ती वायर स्कॅनरसारख्या किरकोळ भारासाठी आहे. १० अँपिअर मागणारा प्लेअर तिच्यावर टाकला की व्होल्टेज पडतं, स्कॅनर मध्येच बंद पडतो आणि क्लिपच्या जागी तांबं तापून काळं पडतं.

## के-लाइन: इथे स्कॅनर जळतो

के-लाइनवर बोलायची रीत अगदी साधी आहे. तार एरवी १२ व्होल्टवर उभी असते. ज्याला बोलायचं तो तिला क्षणभर शून्यावर खेचतो आणि सोडतो. या खेचण्या-सोडण्याच्या लयीतून संदेश तयार होतो. देवळातल्या घंटेची एकच दोरी सगळ्यांनी वापरावी तसं हे आहे. दोरी कुणी खांबाला करकचून बांधून ठेवली, तर कुणालाच घंटा वाजवता येत नाही, आणि जोर लावणाऱ्याचाच हात सोलतो.

तारेला १२ व्होल्टवर उभं ठेवण्याचं काम स्कॅनरमधला ५१० ओहमचा रेझिस्टर करतो. हिशेब करून बघा: १२ भागिले ५१०, म्हणजे साधारण २३ ते २४ मिलिअँपिअर. तार शून्यावर खेचणाऱ्या स्कॅनरमधल्या ट्रान्झिस्टरला एवढाच करंट पेलायचा असतो.

आता रेडिओकडे या. २००१ साली भारतात आलेली पहिली ऑक्टाव्हिया आणि त्याच घराण्यातल्या त्या काळच्या फोक्सवॅगन-ऑडी गाड्या यांत कंपनीच्या रेडिओलाही स्वतःचं निदान करून घेता यायचं, म्हणून के-लाइनची एक तार रेडिओच्या कपलरपर्यंत, म्हणजे त्याच्या मागच्या प्लगपर्यंत, आणलेली असते. बाहेरच्या रेडिओचा कपलर दिसायला तसाच, आत सरकतोही नीट. पण त्याच जागेवर त्याची वायर वेगळ्याच कामाची असू शकते. कधी ती अॅम्प्लिफायर चालू करणारी निळी-पांढरी वायर असते, जिच्यावर रेडिओ चालू होताच १२ व्होल्ट येतात. कधी त्या जागेला रेडिओच्या आत अर्थ दिलेला असतो.

अर्थ लागला तर के-लाइन कायम शून्यावर पडते. सगळं मुकं होतं, पण सहसा काही जळत नाही. १२ व्होल्ट लागले तर गोष्ट गंभीर. निळ्या-पांढऱ्या वायरीतून अनेक रेडिओ ३०० मिलिअँपिअरपर्यंत करंट देतात. २४ मिलिअँपिअरच्या हिशेबाने बसवलेल्या ट्रान्झिस्टरवर हा दहा पटींहून जास्त भार आला. आणि तिथे थेट बॅटरीची पिवळी वायर जोडली गेली असेल तर करंटला मर्यादा फक्त फ्यूजची, म्हणजे १० किंवा १५ अँपिअर. मग स्कॅनरने पहिली हाक मारताक्षणीच त्याचा ट्रान्झिस्टर जातो.

ईसीएम अशा वेळी बहुधा वाचतो, कारण तो हाक ऐकल्याशिवाय उत्तर देत नाही आणि अडकलेल्या तारेवर त्याला हाक ऐकूच येत नाही. म्हणून पहिला बळी स्कॅनरचा जातो. पण स्कॅनरने रेटून तार अर्धवट खाली आणली आणि ईसीएमने उत्तर द्यायला सुरुवात केली, तर त्याच्याही ट्रान्झिस्टरवर तोच भार येतो. लिंक होत नाही म्हणून पुन्हा पुन्हा स्कॅनर रेटत बसणं यासाठीच वाईट.

जुन्या मारुती आणि इतर अनेक गाड्यांतही के-लाइन आहे, पण तिथे ती सहसा रेडिओकडे नेलेली नसते. त्या गाड्यांत फ्यूज आणि अर्थ यांच्याकडेच आधी बघावं.

## नवी गाडी, मोठा स्क्रीन आणि कॅनची जोडी

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम लागू झाले. आजच्या गाड्यांत निदानाचं बोलणं कॅनवर चालतं. कॅनच्या दोन तारा एकमेकींना पिळलेल्या असतात. शांत असताना दोन्हींवर २.५ व्होल्टच्या आसपास, बोलताना एक साडेतीनकडे जाते आणि दुसरी दीडकडे. जोडीच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, म्हणून मधून मोजलं की ६० ओहम दिसतात. हा ६० चा आकडा लक्षात ठेवा.

अँड्रॉइड प्लेअरला स्टिअरिंगवरची बटणं, रिव्हर्सचा इशारा, चावीची स्थिती हे सगळं कॅनवरून हवं असतं, म्हणून त्याच्यासोबत कॅनबस डीकोडर नावाची काडेपेटीएवढी डबी येते. ती गाडीसाठी बनलेली असली तर काही त्रास नाही. चुकीची असली तर तीन प्रकारे छळते. तिच्या आत तिसरा १२० ओहमचा रेझिस्टर असेल तर ६० चे ४० होतात. तिच्या दोन तारा उलट जोडल्या गेल्या तर ती प्रत्येक संदेशाला चूक समजून मध्ये तोंड घालते. आणि जोडीतली एखादी तार अर्थला किंवा प्लसला टेकली तर एकाच वेळी एबीएस, एअरबॅग, स्टिअरिंग असे सगळे दिवे मीटरवर पेटतात. स्कॅनर इथे सहसा जळत नाही, कारण कॅनच्या चिपा १२ व्होल्टचा शॉर्ट सोसतील अशाच बनवलेल्या असतात. पण खोट्या फॉल्ट कोडांची माळ लागते, आणि तिच्यावर विसंबून चांगले सेन्सर बदलले जातात.

गेटवे असलेल्या गाड्यांत ओबीडी सॉकेटची कॅन आणि रेडिओची कॅन वेगळ्या असतात, मध्ये एक संगणक दरबान म्हणून बसलेला असतो. तिथे सॉकेटवर ६० ओहम आले म्हणून रेडिओकडचं वायरिंग बरोबर आहे असं म्हणता येत नाही. रेडिओच्या कपलरवर वेगळं मोजावं लागतं, आणि तिथला योग्य आकडा त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यावा.

## स्कॅनर लावण्याआधी काय मोजायचं

डॅशबोर्डात बाहेरची सिस्टीम दिसली की स्कॅनर बाजूला ठेवा आणि मल्टीमीटर हातात घ्या. सॉकेटच्या पिनांत मीटरचा जाड प्रोब खुपसू नका. आतली पकड सैल होते आणि नंतर स्कॅनर हलवला की लिंक तुटते. सॉकेटच्या पिना बाहेर काढून देणारी १६ पिनांची ब्रेकआउट केबल मिळते ती घ्या, नाहीतर बारीक पिन वापरा.

मीटर २० व्होल्ट डीसीवर. इंजिन बंद ठेवून १६ आणि ४ मध्ये, मग १६ आणि ५ मध्ये मोजा. चांगल्या बॅटरीला दोन्हीकडे साडेबाराच्या आसपास यायला हवं. १६ आणि गाडीच्या बॉडीमध्ये व्होल्टेज येतं पण १६ आणि ४ मध्ये येत नाही, तर सॉकेटचा अर्थ तुटलेला आहे. रेडिओचा अर्थ मारताना त्याच बोल्टखालची मूळ वायर सैल सोडलेली असते, ते शोधा.

आता के-लाइन. नुसतं व्होल्टेज बघून इथे काही सिद्ध होत नाही, कारण मोकळी तार कुठलाही आकडा दाखवू शकते. १ किलोओहम, पाव वॅटचा एक रेझिस्टर घ्या. चावी ऑन करून तो ७ आणि ४ च्या मध्ये जोडा आणि ७ वरचं व्होल्टेज बघा. तार मोकळी असेल तर आकडा खाली येतो. ११ च्या वरच अडून राहिला, तर कुणीतरी मागून १२ व्होल्ट ढकलतंय, स्कॅनर लावू नका. मग तोच रेझिस्टर ७ आणि १६ च्या मध्ये जोडा. मोकळी तार १० च्या वर चढते. शून्याजवळच बसली तर तिला अर्थ लागलाय.

ही के-लाइनची तपासणी दोनदा करायची: एकदा रेडिओ बंद ठेवून, एकदा चालू करून. निळी-पांढरी वायर रेडिओ चालू झाल्यावरच जिवंत होते. "कधी लागतो, कधी लागत नाही" या तक्रारीचं मूळ पुष्कळदा इथेच असतं. रेझिस्टरचा हा प्रयोग फक्त ७ नंबरवर करायचा, ६ आणि १४ वर नाही.

कॅनसाठी चावी काढा, बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडवा आणि ६ आणि १४ मध्ये ओहम मोजा. ६० आले तर उत्तम. ४० म्हणजे कुठेतरी जादा रेझिस्टर. १२० म्हणजे एक टोक तुटलं. शून्याजवळ म्हणजे दोन तारा एकमेकींना चिकटल्या.

फोक्सवॅगन घराण्यासाठी व्हीसीडीएस हे निदानाचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना थोडं सोपं आहे. त्यातली टेस्टची कळ के-लाइन ठीक आहे, अर्थला टेकलीय की प्लसला, हे सरळ लिहून देते. प्रत्येक अनोळखी गाडीवर आधी तीच दाबावी.

## दोष निघाला, आता

रेडिओचा फ्यूज काढून भागत नाही. रेडिओ मेला तरी त्याच्या आत दिलेला अर्थ तसाच राहतो. फेशिया, म्हणजे रेडिओभोवतीची चौकट, काढा, रेडिओ बाहेर ओढा, मागचे सगळे कपलर सोडवा, कॅनबस डबीचाही. मग तीच मोजणी पुन्हा करा. आकडे सुधारले तर ईसीएमवरचा आळ तिथेच गेला.

के-लाइन कोणत्या जागेवर आलीय हे मॉडेल आणि वर्षानुसार बदलतं, तेव्हा रंगावरून अंदाज करू नका. ओबीडीच्या ७ नंबरपासून रेडिओच्या कपलरच्या प्रत्येक जागेपर्यंत कंटिन्यूटी लावा. जिथे मीटर वाजेल ती जागा तुमची. त्या जागेसमोरची वायर बाहेरच्या रेडिओच्या अॅडॉप्टरच्या कपलरमधून पिन काढायच्या सुईने बाहेर घ्या, हीट श्रिंक, म्हणजे तापवल्यावर आवळणारी नळी, चढवा आणि बाजूला बांधा. गाडीची मूळ वायर कापू नका. उद्या कंपनीचा रेडिओ परत लावायचा झाला तर ती अखंड हवी. ती जागा रिकामी ठेवलेला तयार अॅडॉप्टर मिळाला तर सगळ्यात बरं.

## "पण रेडिओ तर तीन वर्षांपासून चालतोय"

चालणारच. के-लाइन रोजच्या चालवण्यात वापरात नसते. गाडी सुरू होते, गाणी वाजतात, आणि चूक स्कॅनर लागेपर्यंत झाकून राहते.

## "माझा स्कॅनर महागाचा आहे, त्यात संरक्षण असेलच"

चांगल्या स्कॅनरमध्ये करंट मर्यादित ठेवणारी चिप आणि आपोआप पूर्ववत होणारा फ्यूज असतो, आणि तो बराच मार सोसतो. स्वस्त ब्लूटूथ डोंगलमध्ये यातलं काही असेलच असं धरून चालू नये. पण सोसतो म्हणून महागडं यंत्र रोज मारात ढकलायचं का?

## "मग तारेत एक फ्यूज टाकून दिला तर?"

१६ नंबरसाठी जरूर टाका, एक्स्टेन्शन केबलमध्ये १ किंवा २ अँपिअरचा, स्कॅनर किती घेतो ते पाहून. ७ नंबरवर मात्र त्याचा भरवसा धरू नका. फ्यूजची तार वितळायला वेळ लागतो, ट्रान्झिस्टर त्याआधीच गेलेला असतो. त्याहून उपयोगी युक्ती म्हणजे एक्स्टेन्शन केबलच्या ७ आणि १५ नंबरच्या तारांत छोटा स्विच बसवणं. १५ वर काही जुन्या गाड्यांत के-लाइनची जोडीदार तार असते. निदान कॅनवर चालणाऱ्या गाडीत या दोन्हींची गरज नसते, तेव्हा स्विच बंद ठेवूनच काम करा.

## सिस्टीम बसवून घेणाऱ्यांसाठी

दुकानात स्क्रीनचे इंच विचारतो तसं कपलरबद्दलही विचारा: माझ्याच मॉडेलचा प्लग-टू-प्लग कपलर आहे का, की वायरी कापून जोडणार? कापणार असतील तर दुसरं दुकान बघा. बसवताना बॅटरीचं निगेटिव्ह काढलेलं असू द्या आणि ओबीडीत डोंगल लावलेलं असेल तर ते काढून घ्या.

वायरींचे रंग मालकानेही ओळखावेत. पिवळी कायम १२ व्होल्ट, लाल चावीवरची, काळी अर्थ, नारिंगी डॅशबोर्डच्या उजेडाची, निळी अँटेनाची, निळी-पांढरी अॅम्प्लिफायरची. अॅम्प्लिफायर नसेल तर निळ्या-पांढऱ्या वायरीचं टोक उघडं राहता कामा नये. पिवळी आणि लाल एकत्र पिळून दिली तर प्लेअर कधीच झोपत नाही आणि दोन दिवस उभी राहिलेली गाडी धक्का मागते. बंद गाडीचा करंट ५० मिलिअँपिअरच्या आत असावा, हे क्लॅम्प मीटरवर मोजून दाखवा म्हणायला लाजू नका.

नागपूरच्या उन्हाचा विचार वेगळा करावा लागतो. मे महिन्यात बाहेरच पारा ४५ ओलांडतो, काचा बंद करून उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डामागे त्याहून कितीतरी जास्त. साध्या काळ्या पीव्हीसी टेपचा गोंद तिथे पातळ होऊन ओघळतो, टेप सरकतो आणि पिळलेलं तांबं उघडं पडतं. पहिले काही महिने सगळं ठीक आणि एका उन्हाळ्यानंतर त्रास सुरू, याचं हे एक नेहमीचं कारण. जोड क्रिम्प केलेला किंवा सोल्डर केलेला, त्यावर हीट श्रिंक आणि सगळ्यावर कापडी हार्नेस टेप असायला हवा.

आणि २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा पाण्यात उभी राहिलेली गाडी सेकंडहँड घेतली असेल, तर सीटखालच्या गालिच्याखालून गेलेली अॅम्प्लिफायरची वायर आणि तिचे जोड उघडून बघा. तांब्यावर हिरवट थर असेल तिथे अर्थ कच्चा झालेला असतो. सिस्टीम मोठ्या आवाजात चालू ठेवून अॅम्प्लिफायरचा अर्थ आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यात मोजा. ०.२ व्होल्टच्या वर आकडा गेला तर तो जोड बॉडीचा रंग खरवडून नवा करावा.

ईसीएमचं प्रोग्रॅमिंग करायचं असेल त्या दिवशी मात्र बाहेरची सिस्टीम आणि अॅम्प्लिफायर दोन्हींचे फ्यूज काढून ठेवा आणि बॅटरीला स्थिर व्होल्टेज देणारं सपोर्ट युनिट जोडा. साधा चार्जर त्यासाठी चालत नाही, त्याचं व्होल्टेज वरखाली होतं. लिहिणं अर्ध्यावर असताना व्होल्टेज पडलं, तर तोवर चांगला असलेला ईसीएम खरोखरच निकामी होऊ शकतो.